कौशीचं माहेर

आमच्या ह्यांना लोक वेडा चित्रकार म्हणत, आणि त्यात लोकांचं फारसं चुकत नव्हतं. नाव मला घ्यायला लावू नका. अकोल्यात कमलाकांत मास्तर म्हटलं की कोणीही घर दाखवी. शाळेत पोरांना चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात जठारपेठेतल्या आमच्या पडवीत बसून रंग कालवायचे, हा त्यांचा संसार. बाकीचा संसार माझा. हात मात्र असा खरा की त्यांनी काढलेल्या सुपातल्या गव्हातला खडा निवडायला मी एकदा बोट पुढे केलं होतं. त्यावरून ते मला आयुष्यभर हसले.

पण एवढ्या खऱ्याखुऱ्या चित्रात ते मध्येच काहीतरी अशक्य घालून ठेवत. एकदा कापसाच्या बाजाराचं चित्र काढलं. गाड्या, तागडी, दलालाच्या सदऱ्यावरचे शाईचे डाग, सगळं जिथल्या तिथे. आणि त्या गर्दीत एक बाई लुगडं वाळत घालते आहे, जमिनीपासून वीतभर वर. पंख नाहीत, डोक्यामागे तेज नाही. खाली तिच्या वहाणा पडलेल्या, त्यातल्या एकीचा अंगठा तुटलेला. नागपूरच्या प्रदर्शनातून ते चित्र परत आलं. परीक्षकांचं म्हणणं, बाजार असेल तर बाई उडत नाही, आणि पुराण असेल तर बाजार कशाला?

"नवल काढायचं तर साध्या हातानं काढावं," हे मला म्हणाले. "तागडी काढतो तितक्याच साध्या हातानं. नाहीतर लोक त्याला नमस्कार करतात आणि पुढे जातात."

"आणि साध्या हातानं काढलं की चित्र घरी परत येतं," मी म्हटलं.

असली चित्रं घरात ढिगानं पडली होती. मागणी होती ती मेलेल्या माणसांच्या तसबिरींना. त्या काळी फोटो शहरात निघत. खेड्यातलं माणूस गेलं की चेहरा घेऊनच जाई. मग घरचे लोक ह्यांच्याकडे येत आणि हे जिवंत नातेवाइकांकडून गेलेल्याचा चेहरा गोळा करत. नाक आत्याचं, हनुवटी भावाची, कपाळ आजोबांचं. पुरुषमाणसाला परक्या बायकांकडे रोखून पाहता येत नाही, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. मी माजघरात बसून विचारायची आणि बाहेर येऊन ह्यांना सांगायची. मला चित्रातलं काही कळत नाही म्हणून मी बरोबर सांगते, असं ह्यांचं मत होतं. हे ते कौतुक म्हणून सांगत.

सन चोवीसच्या उन्हाळ्यात शेंदूरजनाघाटहून शालिकराम आला. संत्र्यांचा बागाईतदार, अंगानं आडवा, आवाज असा की शेजारच्यांनाही त्याचं काम कळावं. पण त्या दिवशी तो हळू बोलत होता.

"मास्तर, पोट्टी गेली," तो म्हणाला. "कौशी. सात वर्साची होती. हैज्यानं एका दिवसात नेली. तिची माय रडत नाई, बोलत नाई, निस्ती भिताडाकडं पाहून राहते. मी म्हनलो, मंग त्या भिताडावर पाहाले कायतरी पायजे."

आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला आलो, तिथून मोटारीनं वरूडपर्यंत आणि पुढे शालिकरामच्या दमणीतून. दमणी म्हणजे आमच्याकडची माणसं बसायची हलकी बैलगाडी. शालिकरामची दमणी तालुक्यात नावाजलेली होती आणि त्या दु:खातही बैलांच्या शिंगांना रंग द्यायला तो विसरला नव्हता. माणूस वाईट नव्हता. पण चार लोकांत आपली मान खाली जाईल, ही एक भीती त्याला कायम खात असे.

कौशीची आई पार्बताबाई खरंच भिंतीसमोर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, कौशीचं नाक कोणासारखं होतं?

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "माह्या नणंदेवानी. पन माही नणंद सदा रागात रायते, तिचं नाक फुगेल असते. कौशीचं फुगेल नव्हतं."

मग ती उठली. मला हाताला धरून तिनं अर्धं गाव फिरवलं. कुणाच्या तान्ह्या पोराच्या पापण्या, विहिरीवर पाणी भरणाऱ्या सुनेची भुवई, पलीकडच्या आळीतल्या म्हातारीचे कान. जिथे जिथे तिच्या लेकीचा तुकडा राहिला होता तिथे ती मला घेऊन गेली. शेवटी दारात थांबून म्हणाली, "हसनं मात्र कोनापाशीच नाई. थे कसं काढसान तुमी?" ह्यांनी कौशीचं तोंड मिटलेलं काढलं.

तसबीर दाराएवढी मोठी झाली. संत्र्यांची बाग, हिरवी फळं, एक विहीर, कुडाची झोपडी, एक वासरू. मध्ये कौशी उभी, हिरव्या परकरात, आमच्याकडे नाही तर वासराकडे बघत. परकराच्या खाली आत दुमडून शिवलेली पट्टीसुद्धा दिसत होती. वाढत्या अंगाच्या पोरींना अशी पट्टी ठेवतात, उसवली की परकर लांब होतो. ती पट्टी ह्यांना मीच सांगितली होती.

"ह्यात तुमचं नवल कुठे आहे?" मी हळूच विचारलं.

"ह्यात आणखी नवल कशाला?" हे म्हणाले. "गेलेली पोर उभी आहे, तेवढं पुरे."

हिवाळ्यात संत्र्यांच्या एका व्यापाऱ्याबरोबर निरोप आला. पार्बताबाई म्हणते, मास्तरांनी येऊन जावं, परकर आखूड झाला.

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. जाऊन बघितलं तर चित्रातली संत्री पिवळी झाली होती, वासराला शिंगांची बोंडं आली होती आणि परकर कौशीच्या घोट्याच्या चांगला वर गेला होता. ह्यांनी जवळ जाऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, आणि पेटी उघडून परकराची पट्टी उसवून दिली. परत येताना गाडीत म्हणाले, "हात जरा जास्तच साधा पडला."

त्या घरानंही फार गाजावाजा केला नाही. गावच्या बायका यायच्या, तसबिरीपुढे उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "वाढली व पोट्टी." कोणी म्हणे बापावर गेली, कोणी म्हणे आजीवर. शेजारणीची पोर वाढते ती जशी बघावी तसंच. पार्बताबाई तर पार बदलली. अंगावर मांस आलं, तोंडाचा पट्टा चालू झाला. तसबिरीसमोर बसून भाजी निवडायची, तांदूळ निवडायचे आणि कौशीला दिवसभराचं सगळं सांगायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं काय उलटून उत्तर दिलं. कौशीनं मान वर करून तिच्याकडे कधी पाहिलं नाही. ती आपली विहिरीपाशी, नाहीतर झाडाखाली. पार्बताबाई म्हणे, "लाजरी हाय माही लेक."

दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही जायचो. हे परकर लांब करायचे, कधी झोपडीचं छप्पर शाकारून द्यायचे, वासराची गाय झाली तेव्हा तिला दावं काढून दिलं. मला मुलगी नाही, दोन मुलगेच. मी हळूहळू त्या पोरीकडे आपल्याच घरची असल्यासारखी बघायला लागले. एका वर्षी तिनं स्वत:च वेणी घातली होती आणि भांग असा वाकडा, की मी आणि पार्बताबाई पदर तोंडाला लावून हसलो.

मग कौशी तेरा वर्षांची झाली आणि व्हायचं तेच सुरू झालं. भाऊबंद शालिकरामला विचारू लागले, घोडीएवढी पोरगी घरात, लग्नाचं काय? शारदा कायदा तेव्हा नुकता लागू झाला होता, चौदाच्या आत पोरीचं लग्न करायचं नाही म्हणून. हे म्हणाले, त्याच कायद्याचं निमित्त सांगा आणि वेळ काढा. शालिकरामनं मान हलवली.

"सरकारचा कायदा तसबिरीतल्या पोरीले लागत नाई, मास्तर. आमच्या पाटलानं तपास काढला."

"लेकीचं लग्न म्हंजे लेक जाईन," पार्बताबाई म्हणाली. "एकडाव गेली माही लेक. मी आता नाई जाऊ देनार."

ती तीन दिवस जेवली नाही. शेवटी तोड तिनंच काढली. घरजावई करायचा! मास्तर तसबिरीतच एक पोरगा काढून देतील, तो कौशीशी लग्न करील, बागेतच राहील, लेक घरची घरात आणि भाऊबंदांची तोंडंही बंद. शालिकरामला घरजावई हा शब्दच कडू लागत होता, पण बायकोपुढे हात टेकले.

ह्यांनी वरूडच्या बाजारात एक देखणा तरुण माळी पाहून ठेवला होता, त्याच्यावरून नवरदेव काढला. शालिकरामनं त्याला चंद्रभान नाव दिलं. म्हणाला, बिननावाच्या पोट्ट्याले कोन पोरगी देईन? गाव मात्र दिलं नाही. घरजावयाला गाव कशाला हवं? कौशीला ह्यांनी हिरवं लुगडं काढलं, कपाळाला मुंडावळ्या काढल्या. तसबिरीच्या चौकटीला बायकांनी हळद लावली. मंगलाष्टकं म्हणायला कोणी भटजी तयार होईना, तेव्हा शालिकराम ह्यांच्याकडे वळला.

"तुमी ब्राह्मणच हा ना मास्तर? म्हना तुमीच."

ह्यांनी म्हटली. आवाज असा, की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. पण अक्षता पडल्या, आणि पार्बताबाई मला मिठी मारून म्हणाली, "मास्तरीनबाई, आता कोनी माह्या लेकीले नेत नाई."

इथपर्यंत सगळं नीट होतं. मग जेवणं झाल्यावर शालिकराम तसबिरीपुढे उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मास्तर, जवाई आला कशात?"

"म्हणजे?"

"पायी आला काय? शालिकरामचा जवाई पायी चालत आला, असं दिसून राहिलं. उद्या सोयरे येतीन पाहाले. दमणी काढा. माही दमणी. रंगवेल शिंगायची जोडी."

"घरजवाई हाय थो," पार्बताबाई म्हणाली. "त्याले कायले दमणी पायजे? कुठी जाचं हाय त्याले?"

"जाचं नाई, पन आला तर पायजे! लोक काय म्हनतीन?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. पण लग्नघरचा यजमान डोळ्यांत पाणी आणून उभा होता, आणि आमचे हे कोणाचं रडणं बघू शकत नाहीत, तेवढंच सोडून दुसऱ्याचं सगळं बघतात. त्यांनी दमणी काढली. बैल काढले, घुंगरमाळा काढल्या. आणि हात खरा ना! दमणी आकाशातून उतरत नाही, म्हणून तिच्या चाकोऱ्या काढल्या, विहिरीपासून बागेतून वळत पार चौकटीच्या कडेपर्यंत. तिथे रस्ता तयार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रात बाग होती, विहीर होती, झोपडी होती. दमणी नव्हती. चंद्रभान नव्हता. कौशी नव्हती. चाकोऱ्या काल एक वेळच्या होत्या, आता दोन वेळच्या दिसत होत्या.

शालिकराम जमिनीवर बसला. पार्बताबाईनं चौकटीच्या कडेला हात लावून पाहिला, जिथे रस्ता संपत होता तिथे, आणि म्हणाली, "माह्याकडं पाह्यलं बी नाई. लेक जाताना मायच्या गयात पडते. हे तशीच गेली." मला शालिकरामचा असा संताप आला की मी त्या घरचं पाणी न पिता निघाले. कोणाच्या तरी तोंडाला कुलूप लावायला पोर घालवली! पण रागावून पोर परत येत नाही.

पहिली दिवाळी आली. सासरी गेलेली लेक पहिल्या दिवाळीला माहेरी येतेच, म्हणून पार्बताबाईनं चार दिवस आधीपासून तसबिरीसमोर बैठक मारली. रस्ता रिकामा राहिला. नागपंचमी झाली, पुन्हा दिवाळी झाली. रीतीप्रमाणे लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात.

"मुराळी धाडतो मी, शंभर धाडतो," शालिकराम म्हणायचा. "पन कोन्या गावाले धाडू?" गाव देणारा तोच आणि न देणारा तोच. त्याचे केस त्या दोन वर्षांत पांढरे झाले.

पार्बताबाई पुन्हा भिंतीकडे बघत बसू लागली. तिसऱ्या वर्षी, दिवाळी दोन आठवड्यांवर असताना, आम्ही गेलो. मी तिच्याशेजारी बसले. समजूत घालायची म्हणून म्हटलं, येईल हो, सासरी रमली असेल.

"थे येईन कोनापाशी, मास्तरीनबाई?" ती एकदम म्हणाली. "पाहा तुमी. तिथं हाय कोन?"

मी पाहिलं. झाडं, विहीर, झोपडी, गाय.

"मी समजत होती, मी तिले वाढवून राहिली. मी इथं बसून बोलू, अन् मले वाटे थे आयकते. तिनं मले कधी पाह्यलंच नाई. सात वर्साची पोट्टी त्या बागेत एकटी उठे, एकटी निजे. तिची येनी कोन घाले? आपुन हासलो तिच्या भांगाले. तिले माय नव्हती, बाई. मले लेक होती, पन तिले माय नव्हती. आपुन समदं देल्लं तिले, संत्रं देल्लं, गाय देल्ली, नवरा देल्ला. माय कोनीच नाई देल्ली."

मला रडू आवरलं नाही. इतकी वर्षं जात होतो, परकर लांब करत होतो, दोन शहाणी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"मास्तर," तिनं बाहेर हाक मारली, "मले काढा त्याच्यात. झोपडीसमोर उभी काढा. रस्त्याकडं तोंड करून."

शालिकराम धावत आत आला. "येडी झाली काय, कौशीचे माय? जित्या मानसानं मेल्या मानसाच्या तसबिरीत जाऊ नाई. आयुष्य जाते."

"जाऊ द्या. ठेवून काय करू त्याले?"

ह्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी कामाला बसले. लेकीची वाट बघणारी आई रस्त्याकडे बघणार, म्हणून चित्रात आम्हाला तिची पाठच दिसणार होती. लाल काठाचं लुगडं, अंबाडा, डोळ्यांवर आडवा धरलेला हात. पार्बताबाई रोज येऊन तपासायची. "मी एवढी जाड हाय काय, मास्तर?" असं एकदा विचारलं, आणि हे म्हणाले, "आहात." ती हसली. तिला किती दिवसांनी हसताना पाहिलं.

चित्र पुरं झालं आणि दुसऱ्या दिवशीच त्या चित्रातल्या बाईनं डोळ्यांवरचा हात खाली घेतला. अंगण झाडलं. विहिरीचं पाणी काढून सडा टाकला, रांगोळी घातली. तोंड मात्र सतत रस्त्याकडे. पार्बताबाईला आनंद मावेना. "पाहा व, कशी कामाले लागली मी!" ती आल्यागेल्याला दाखवायची. मीच आहे ती, असंच ती बोलायची. आम्हीही तसंच समजत होतो.

दिवाळीच्या दिवशी सकाळी चौकटीच्या कडेला, रस्ता संपतो तिथे, एक ठिपका दिसला. पार्बताबाई पुरणाची डाळ निवडता निवडता उठून आली. ठिपका मोठा होत होत दुपारपर्यंत त्याची दमणी झाली. रंगवलेल्या शिंगांची जोडी, हाकणारा चंद्रभान. आळीतल्या सगळ्या बायका जमल्या. शालिकराम मागे खांबाला धरून उभा होता.

दमणीतून कौशी उतरली. भरल्या अंगाची झाली होती, हातात चुडा, कडेवर पोर नव्हतं पण तोंडावर तेज होतं. बाग रिकामीच असेल असं धरून ती आली होती, आणि अंगणात एक बाई उभी. कौशी थबकली. चित्रातल्या बाईनं दोन्ही हात पुढे केले. ते पाहून इकडे पार्बताबाईनंही हात पुढे केले, तिला कळलंसुद्धा नसावं.

कौशी आधी हळू चालली. मग पळाली. पळत येऊन त्या बाईच्या गळ्यात पडली, आणि तिचं तोंड त्या बाईच्या खांद्यावरून आमच्याकडे आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा सगळा चेहरा आम्हाला दिसला. डोळे घट्ट मिटलेले, गाल भिजलेले. मोठी झालेली बाई लहान पोरीसारखी रडत होती. चित्रातल्या बाईचा हात तिच्या केसांवरून फिरत होता.

पार्बताबाईचे हात तसेच पुढे होते. त्या हातांत काही नव्हतं.

मग कौशीनं डोळे उघडले आणि समोर पाहिलं, सरळ पार्बताबाईकडे. दारातून कोणी परकी बाई डोकावत असावी तसं तिनं पाहिलं. कपाळावर पदर ओढून घेतला आणि आईच्या कानात काहीतरी म्हणाली. चित्रातल्या बाईनं वळून आमच्याकडे बघितलं. ते तोंड ह्यांनी कधी काढलंच नव्हतं. पार्बताबाईचंच होतं, फक्त सुखी होतं. तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला झोपडीत घेऊन गेली.

मला ह्यांचा असा राग आला की ती पेटी उचलून विहिरीत टाकावी. साधा हात म्हणे! ज्या हातानं पोर काढली त्याच हातानं तिची आईसुद्धा खरी काढली, आणि ही इथली बाई दोघींच्या बाहेर राहिली. ह्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. त्यांना ते आमच्या आधी कळलं होतं, असं मला वाटतं.

पार्बताबाईनं हात खाली घेतले, लुगड्याला पुसले. त्या झोपडीचं दार, अंगण निरखून पाहिलं. मग म्हणाली,

"मास्तर, तुमी त्या घरात चूल काढली नाई."

ह्यांना समजलं नाही.

"लेक सासरून आली हाय. दिवाळी हाय. तिची माय तिले काय खाऊ घालीन?"

ह्यांनी पेटी उघडली. काढायला बसले. अंगणात कडेला मातीची चूल, शेजारी पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्यांचा भारा, तवा, पिठाची परात. पार्बताबाई मागे उभी राहून सांगत होती, मिठाचं मडकं राह्यलं, गुयाची ढेप काढा, तिले तूप लागते. सांगायचं संपलं तेव्हा ह्यांनी कुंचला धुतला. सांजेला त्या चित्रातल्या अंगणातून धूर वर जाऊ लागला.

तो धूर नीट वर गेलेला पाहून पार्बताबाई आपल्या स्वयंपाकघरात गेली. पुरण शिजत होतं. तिनं ते खाली उतरवलं, पेटत्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि तिथेच राखेपाशी बसून मोठ्यानं रडली, कौशी गेली त्या दिवशी रडली नव्हती तशी.

आळीतल्या बायकांना कोणी काही सांगावं लागलं नाही. ज्या घरचं माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. घरोघरी दिवाळीचं गोडधोड शिजलेलं असताना त्यांनी वेगळं पिठलं टाकलं, भाकरी थापल्या आणि झाकून घेऊन आल्या. एकीनं पार्बताबाईचं डोकं मांडीवर घेतलं, दुसरीनं घास मोडून तिच्या तोंडाशी धरला. तिनं तो खाल्ला.